तुमच्या भावाला निवडून कोणी दिलं

ती. ताईंना,

तुमच्या वहिनीचा वाकून नमस्कार. पत्र लिहायचं कारण असं की फोन तुम्ही उचलत नाही, आणि परवा उचललात तर "तो इथे आलेला नाही" एवढं म्हणून ठेवून दिलात. पत्राचं बरं असतं. ते अर्ध्यावर ठेवता येत नाही (येतं, पण मग शेवटी काय लिहिलंय या विचाराने तुम्हाला जेवण जाणार नाही, तुमचा स्वभाव मला माहीत आहे). तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? दोघांनी कोमट पाणी प्यावं, फ्रिजमधल्या गार बाटल्या बाहेर काढाव्यात, हे मी मागेही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नसणार. इकडे मी बरी आहे. घर बरं आहे. दुकान बंद आहे. तुमचा भाऊ घरात नाही.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं, पण तुम्ही म्हणाल हिनेच काहीतरी केलं असेल. केलं आहे. पण काय केलं ते सावकाश सांगते, कारण माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही. (आधी मी त्याला "हे" म्हणायची ते तुम्हाला ठाऊक आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून "तुमचा भाऊ" म्हणते. पुढचं पुढे बघू.) तर तुमचा भाऊ सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या मतदारसंघातून निवडून आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेला. पुढच्या आठवड्यात राजधानीत त्याने शपथ घ्यायची आहे. गेला नाही तर काय होतं ते निवडणुकीच्या साहेबांनी मला दोनदा समजावलं, दोन्ही वेळा वेगळं समजावलं. मला त्याची काळजी नाही. मला एवढंच कळत नाही की तो पळाला कोणाला बघून, सरकारला की मला. दोन्ही होऊ शकतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुम्ही त्याची मोठी बहीण, तुम्हाला काही उलगडलं तर कळवा.

तो उभा राहिला कसा, ते आधी. तुमच्या भावाला "नाही" म्हणता येत नाही. लहानपणी तुम्हीच त्याला इकडचं तिकडे न्यायला पिटाळून पिटाळून तसा केलाय (राग मानू नका, मानलात तरी खरं आहे ते खरं आहे). लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नाही. कोणी मोटर जळून काळाठिक्कर पडलेला मिक्सर आणून दिला तरी हा तो हातात घेतो, कानाशी धरून हलवतो आणि म्हणतो, "बघतो." की ती वस्तू आमच्याकडे राहायला आली. दुरुस्तीच्या दुकानातली जागा संपली तशा वस्तू घरात शिरल्या. पलंगाखाली इस्त्र्या आहेत. कपाटावर टेबलफॅन एकमेकांकडे तोंड करून बसलेत, जसं काही माझ्याविषयी बोलताहेत. मोरीत कोणाचं तरी कपडे धुवायचं मशीन आहे, त्यात मी कांदे ठेवते. आणि ज्याची वस्तू त्याला तुमचा भाऊ रस्त्यात भेटला की सांगतो, "तुमचंच पुढे घेतो." बाजारपेठ, गिरणीमागची वसाहत आणि नदीपलीकडची घरं, एवढा आमचा मतदारसंघ. सायकलला पिशवी अडकवून हा सगळीकडे फिरतो. या तिन्ही ठिकाणी असं एक घर दाखवा की ज्याचं काहीतरी आमच्याकडे पडलेलं नाही. मी शोधलं, मला सापडलं नाही.

आमच्याकडे दर वेळी दोघंच उभे राहतात, कंत्राटदार आणि वकील. गिरणीमागची माणसं कंत्राटदाराची, बाजारातली वकिलाची, आणि नदीपलीकडची ज्याने शेवटी येऊन नमस्कार केला त्याची. आलटून पालटून दोघं निवडून येतात, त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. तर यंदा एका सकाळी कंत्राटदाराची माणसं दुकानात आली. म्हणाली, तुम्ही बाजारातले, तुम्ही उभे राहा, म्हणजे वकिलाची थोडी मतं फुटतील, तुम्हाला करायचं काही नाही, नुसतं नाव द्यायचं. तुमचा भाऊ म्हणाला, "बरं." त्याच दिवशी दुपारी वकिलाची माणसं आली. ती म्हणाली, गिरणीमागे तुम्हाला घरचं समजतात, तुम्ही उभे राहा, म्हणजे कंत्राटदाराची थोडी मतं फुटतील. त्यांनाही "बरं." मी आत भांडी घासत ऐकत होते. ओल्या हाताने बाहेर आले आणि म्हटलं, "अहो, तुम्ही दोघांकडून उभे राहताय." तर म्हणतो, "उभं एकदाच राहायचंय ना." अर्ज कंत्राटदाराच्या माणसाने भरून आणला, पाठिंब्याच्या सह्या वकिलाच्या माणसांनी केल्या, आणि दोन्ही पार्ट्या आपापल्या हुशारीवर खूश होऊन गेल्या.

चिन्हं वाटायच्या दिवशी हा साहेबांच्या कचेरीतला छताचा पंखा खाली उतरवून बसला होता. हात तेलाने काळे. साहेब म्हणाले, उरलेल्यांतलं एक निवडा. हा म्हणाला, "तुम्हीच बघा." साहेबांनी बादली दिली. दुसऱ्या दिवसापासून लोक गळक्या बादल्या घेऊन दारात. मी म्हटलं, बाबांनो, हे निवडणुकीचं चिन्ह आहे, आम्ही बादल्यांचा धंदा काढलेला नाही. तोवर याने मागच्या बाजूने चार-पाच आत घेऊन ठेवल्या होत्या. अजून आहेत. पाऊस आला की कामाला येतील म्हणाल तर त्याही गळतात.

प्रचार म्हणाल तर केला नाही. एकदा वकिलाची सभा चालू असताना लाउडस्पीकर घुरघुरायला लागला, म्हणून तुमच्या भावाला मंचावर बोलावलं. याने वायर सोलली, जोडली, "हॅलो, हॅलो" म्हणून तपासलं आणि खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाई (शाळेत गणित शिकवतात, त्यांचा टेबलफॅन दोन उन्हाळे आमच्या कपाटावर आहे) म्हणाल्या की इतकं मुद्द्याचं भाषण त्यांनी आजवर ऐकलेलं नाही. पुढे कंत्राटदाराच्या सभेतही तेच झालं. तेच भाषण, त्याच टाळ्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला वाटलं लोक वायरीला टाळ्या देताहेत.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं शाळेत बरोबर गेलो. रांगेत पुढच्या माणसाने याला घरच्या फ्रिजचा आवाज तोंडाने काढून दाखवला, मागच्या बाईने इस्त्रीचा वास कसा येतो ते सांगितलं, दोघांना "बघतो." माझा नंबर आला. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले आणि विचार केला. ताई, तुम्ही काहीही म्हणा, मी विचार करूनच शिक्का मारला. दुकानासमोरचं गटार उघडं आहे. वकिलाने ते झाकून देईन असं सांगितलं होतं आणि दोन फरशा आणूनही टाकल्या होत्या. बादलीवर शिक्का मारून गटार झाकलं जाणार नव्हतं. तुमचा भाऊ काही निवडून येणार नव्हता, त्याचा त्याने विचारही केला नव्हता, मग एक चांगलं मत कशाला वाया घालवायचं? मी वकिलाला दिलं. घरी येताना त्याला विचारलं, तुम्ही कोणाला दिलंत? तर म्हणाला, "दोघांनाही बरं म्हटलं होतं, म्हणून दोघांवर मारला." म्हणजे मत बाद. म्हणजे आमच्या घरातून तुमच्या भावाला शून्य. (त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.)

मोजणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. कंत्राटदार एका बाजूला खुर्चीत, वकील दुसऱ्या बाजूला. दोघांनी हार पिशवीत घालून आणलेले, हाराचा ओला डाग दोन्ही पिशव्यांना. लाउडस्पीकर पुन्हा घुरघुरत होता म्हणून तुमचा भाऊ साहेबांच्या टेबलाखाली शिरलेला. मी त्याचा डबा घेऊन गेले होते, म्हणून तिथे. पहिली पेटी गिरणीमागची. साहेब एकेक मतपत्रिका वर धरून दाखवत होते. पहिली निघाली बादली. सगळे हसले. दुसरीही बादली. पुन्हा हसले, जरा कमी. मग बादली, बादली, कंत्राटदार, बादली, बादली. हसणं थांबलं. मला वाटलं कोणीतरी चेष्टा केली आहे. कंत्राटदाराला वाटलं ही पेटी बाजारातली आहे, तो उठून पेटीवरची चिठ्ठी वाचून आला. मग बाजारातली पेटी फोडली. तीही तशीच. वकिलाने चष्मा पुसला आणि परत घातला, चष्म्याने काही फरक पडला नाही. नदीपलीकडची पेटी येईपर्यंत दोघं उभे राहून एकमेकांना म्हणत होते, "याला तूच उभा केलास." दोघंही खरं बोलत होते. दोघांच्या आयुष्यात असं एकाच वेळी पहिल्यांदाच झालं असेल.

साहेबांनी निकाल वाचला. तो त्याच लाउडस्पीकरमधून वाचला आणि एक अक्षर घुरघुरलं नाही. विजयी उमेदवार कुठे आहेत म्हणून सगळ्यांनी शोधलं, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर. पाय ओळखीचे होते. मला अजून उलगडत नव्हतं की जे चाललंय ते काय चाललंय. तेवढ्यात वर्तमानपत्राची एक मुलगी माझ्यासमोर आली. हातात साहेबांचाच माईक. गोड हसून म्हणाली, "काकू, सगळ्यात पहिलं मत तुमचंच असेल ना?"

आता ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. तुम्ही हसून मान हलवली असती. मला ते येत नाही. विचारलं ते सांगितलं. म्हटलं, "नाही, मी वकिलाला दिलं."

माझा आवाज बारीक कधीच नव्हता. त्यात मध्ये माईक, त्यात तो याने नुकताच दुरुस्त केलेला. नदीपलीकडे ऐकू गेलं म्हणतात. खोलीत अशी सामसूम झाली की बाहेरच्या सायकलीचं स्टँड पडलेलं ऐकू आलं. तुमचा भाऊ टेबलाखालून निघाला. केसांत जळमट, हातात पकड. माझ्याकडे बघून म्हणाला, "आवाज आता स्वच्छ येतोय." एवढंच. मग दोन्ही हार त्याच्या गळ्यात पडले (हार आणलेलेच होते, परत कोण नेणार), आणि हार घालणाऱ्या प्रत्येकाला तो "बरं, बरं" म्हणत राहिला.

घरी आल्यावर त्याने हार खुंटीला लावले, हातपाय धुतले, जेवला. भाजीत मीठ कमी होतं, तेही बोलला नाही, पण ते तो एरवीही बोलत नाही, म्हणून त्यावरून काही कळत नाही. मी सरळ विचारलं, "राग आला का?" तर म्हणाला, "बघतो." आता राग ही काय पलंगाखाली ठेवून द्यायची वस्तू आहे का, की सवड मिळाली की उघडून बघू? मी आणखी काही बोलणार होते, पण त्याने कोणाचा तरी रेडिओ उघडला. सकाळी मी दळण घेऊन आले तर सायकल जागेवर, पिशवी नाही, तो नाही. रेडिओ नीट करून खिडकीत ठेवलेला. पिशवी घेऊन गेला म्हणजे कायमचा गेला, की पिशवी घेऊन गेला म्हणजे नुसता कामाला गेला? मी तिन्हीकडे फिरून आले. कामाला गेला नव्हता.

खरी गंमत पुढे आहे, आणि मला अजून तिचं हसू येत नाही. दुपारपासून लोक दारात. पहिल्या मास्तरीणबाई. हळूच म्हणाल्या, "वहिनी, आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी त्यांना मत दिलं." मी विचारलं, का हो? म्हणाल्या, "मला वाटलं बिचाऱ्याला घरची दोन पडतील आणि माझं एक. तिघांत माझं उठून दिसेल. मग पंखा तरी आधी करतील." त्या गेल्या तर बेकरीवाला आला. त्याचं पीठ मळायचं मशीन आमच्या जिन्याखाली आहे, तोवर बिचारा हाताने मळतोय. तोही तेच. घरची दोन आणि त्याचं एक. त्याच्या मागे एक बाई इस्त्रीवाली, तिच्या मागे फ्रिजवाला, त्याच्या मागे नदीपलीकडून नावेतून आलेली चार माणसं आणि त्यांचा एकच पाण्याचा पंप. सगळ्यांची घरची दोन आणि आपलं एक. मतदानाच्या आधी प्रत्येकाने तुमच्या भावाला कोपऱ्यात घेऊन सांगितलंही होतं म्हणे, की मी तुम्हालाच देणार बरं का, माझ्या वस्तूचं बघा. आणि त्याने प्रत्येकाला सांगितलं होतं, "तुमचाच नंबर पहिला."

मी मास्तरीणबाईंना म्हटलं, तुम्ही गणिताच्या ना, मग हे कसं झालं ते सांगा. त्या बराच वेळ बोटं मोजत बसल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येकाने एकच तर दिलं हो." म्हणजे ताई, ज्याला हजारो मतं पडली त्याला निवडून आणायचं एकाच्याही मनात नव्हतं. कोणी दया म्हणून, कोणी पंख्यासाठी, आणि सगळ्यांना एवढी एक गोष्ट पक्की माहीत की घरची दोन आहेतच. ती दोनच तेवढी नव्हती. हे प्रत्येकाने माझ्या तोंडावर बोलून दाखवलं. "वहिनी, आम्हाला वाटलं तुमचं तर असणारच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी दारात पाट टाकून बसले आणि येणाऱ्याला आधीच सांगायला लागले की माझं नव्हतं, तुमचं काय ते बोला.

आणि आता तेच लोक चिडलेत. राजधानीला गेला तर आमच्या वस्तूंचं काय, विचारतात. बेकरीवाला माझ्याशी भांडलाच. म्हणाला, "वहिनी, आम्ही मत दिलं ते काय निवडून यायला दिलं होतं का? थोडा तरी विचार करायचा माणसाने." मी म्हटलं, विचार कोणी करायचा, मत देणाऱ्याने की घेणाऱ्याने? तो म्हणाला, आम्हाला काय माहीत बाकीचे इतके मूर्ख असतील. कंत्राटदार येऊन गेला, म्हणाला हा आमचाच माणूस. वकील येऊन गेला, म्हणाला हा तर आमचाच. मी दोघांना म्हटलं, तुमचाच ना, मग शोधून आणा. दोघंही चहा न पिता गेले. वकिलाने जाताना त्या दोन फरशाही उचलून नेल्या. म्हणजे माझं मतही वाया गेलं आणि गटारही उघडंच.

असो. लिहून लिहून माझं डोकं अजूनच गरगरायला लागलं. तो राजधानीला जातो की नाही जात, यात मी पडत नाही. घरी येतो की नाही, त्याचा तो मुखत्यार आहे. मला इथे एकटीला काही कमी नाही, पलंगाखालच्या इस्त्र्या सोबतीला आहेत. तो चुकून तुमच्याकडे आलाच तर एवढं सांगा की साहेब रोज विचारून जातात. भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावा, नुसतं दाखवू नका.

तुमची वहिनी

ता. क. — पाकीट चिकटवलं होतं, पण एक शंका डोक्यात बसली आहे ती लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही, म्हणून परत फाडलं. ताई, तुम्ही परवा फोनवर "तो इथे आलेला नाही" म्हणालात तेव्हा मागे मिक्सर चालू होता. तुमचा मिक्सर लेकीच्या लग्नापासून बंद आहे, हे तुम्हीच मला दर भेटीत ऐकवता. तो आपोआप सुरू झाला असं म्हणू नका, मी फार शिकलेली नाही, पण बहिरीही नाही. तो तिथेच आहे. बरं आहे, राहू दे. पण एक ऐका. त्याला तिथे आणखी काही दुरुस्तीला देऊ नका. मिक्सर झाला की तुम्ही गिझर काढाल, गिझर झाला की शेजारणीचा पंखा, मी तुम्हाला ओळखते. तो कोणाला नाही म्हणणार नाही आणि वर्षभर तिथेच बसेल. आणि त्याला सहज विचारून ठेवा, मी विचारलंय असं न दाखवता, की तो गेला ते मी मत दिलं नाही म्हणून, की बाकी सगळ्यांनी दिलं म्हणून.

ता. क. — पत्र टाकायला निघाले तर वाटेत मास्तरीणबाई भेटल्या. म्हणाल्या, शपथ घेतली नाही तर निवडणूक पुन्हा होणार. आणि या वेळी सगळ्यांनी ठरवलंय की बादलीला एकही मत द्यायचं नाही, म्हणजे माणूस तरी परत मिळेल. मला कसंसंच झालं. म्हटलं, एकही नाही म्हणजे फारच वाईट दिसतं हो, मग निदान एक मी देईन. त्यांनी बोटं मोजली. मग म्हणाल्या, "तुमचं एकच पडलं तर त्यांना वाईट वाटेल. मीही देते. दोन होतील." बेकरीवाला ऐकत होता, तो म्हणाला, मग तिसरं माझं, तीन मतांनी कोण निवडून येतंय. ताई, हे पुन्हा सुरू होतंय. काहीतरी करायला हवं.

ता. क. — टपालपेटीशेजारीच तुमच्या गावची बस उभी होती. पत्र पेटीत टाकण्याऐवजी मीच बसले. हे पेन्सिलीने लिहिते आहे, तुमच्या पायरीवर बसून. दार वाजवलं असतं, पण तुम्ही आतूनच "तो इथे नाही" म्हणाला असता, म्हणून पत्र दाराखालून सरकवते. तुमच्या दाराची फट फार मोठी आहे, पाल येईल. आतून तारा जोडायच्या सोल्डरचा वास येतोय. सगळं पत्र त्याला वाचायला देऊ नका, लाउडस्पीकरचं तर मुळीच नको, तेवढं एकदा ऐकलंय त्याने. इथून खालचं तेवढं फाडून द्या.

अहो, बाहेर मी आहे. राजधानीला जायचं नसेल तर साहेबांना "नाही" मी सांगते, मला ते जड जात नाही. पंखेवाल्यांनाही सांगते, दारात पाट टाकलेलाच आहे. जायचं असेल तर जाऊन या, मी डबा करून देईन. पण माझ्याबरोबर घरी यायचं की नाही, हे मला तुमच्या वतीने बोलता येत नाही. "बरं" म्हणू नका, आणि "बघतो" तर अजिबात नको. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, मी ऐकून घेईन. पायरीवरून उठणार नाही, पण ऐकून घेईन.